पदरचं वाक्य

मला अक्षरओळख झाली ती नाटकाच्या नकलेवरून. लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा मला 'श्री'सुद्धा गिरवता येत नव्हतं. माझे यजमान त्या वेळी कचेरीत उमेदवारी करत होते. वर्षभरातच ती सोडून ते एका नाटक मंडळीत गेले. आवाज गोड, अंगकाठी बारीक, चेहरा नितळ. मालकांनी पाहताक्षणी त्यांना स्त्रीपार्टी करायचं ठरवलं. स्त्रीपार्टी म्हणजे नाटकात बाईचं काम करणारा पुरुष. त्या काळी बायका रंगभूमीवर येत नसत.

मिशी उतरवून ते पहिल्यांदा घरी आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ते आत निघून गेले. बाप जिवंत असताना मुलानं मिशी काढली, याचा अर्थ त्या पिढीच्या माणसाला समजावून सांगावा लागत नसे. आठ दिवसांत आम्ही टेंभी नाक्याजवळ दोन खोल्या घेऊन वेगळं बिऱ्हाड थाटलं. सासरचं दार मग आम्हाला पुन्हा उघडलं नाही.

पावसाळ्याचे चार महिने मंडळीचा मुक्काम ठाण्यालाच असे. चिखलात मांडव उभा राहत नाही आणि सामानाच्या बैलगाड्या रुततात, म्हणून ते दिवस नव्या नाटकाच्या तालमींचे. सकाळ-संध्याकाळ हे तालमीला जात आणि दुपारी घरी पाठांतर करत. पाठांतराला समोर कोणीतरी लागतं. आमच्या घरात मी सोडून कोणी नव्हतं. तेव्हा हे एक दिवस पाटी घेऊन आले आणि म्हणाले, "तू वाचायला शिक. मला तुझा उपयोग आहे."

लाजेनं मी चार दिवस पाटीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी लावला.

नटाच्या हातात अख्खं नाटक कोणी देत नसे. त्याला मिळे ती नक्कल. तिच्यात त्याची एकट्याची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द कानावर पडले की आपण बोलायचं. मी ते शब्द म्हणायची आणि हे पुढचं वाक्य म्हणायचे. "...वनात धाडीन." "महाराज, मग मलाही धाडा." असं. कोणाला वनात धाडायचं, का धाडायचं, यातलं काही मला कळत नसे. कितीतरी नाटकं मी अशी एकाच बाजूनं पाठ केली. एखादी राणी दोन अंकभर भांडते, रडते, शाप देते, आणि तिच्यासमोर कोण उभं आहे याचा मला पत्ता नसे. मग स्वयंपाक करता करता मी विचारायची, आणि हे पिढ्यावर बसून सगळी हकीकत सांगायचे.

बदल्यात मी त्यांना बाई होणं शिकवलं. हे असं लिहिताना आज हसू येतं, पण तसंच झालं. तालीममास्तर त्यांना मान वेळावायला आणि डोळे मोडायला शिकवत. मी म्हटलं, अशी कोणती बाई चालते? ओझं घेतलेली बाई कशी वळते, जमिनीवरून उठताना निऱ्या कुठं धरते, दुखलेलं लपवायचं असलं की हात कुठं नेते, हे मी करून दाखवायची. पुढं पुढं मला करून दाखवावंही लागेना. हे दारात बसून माझ्याकडे पाहत असायचे. मी विहिरीवरून यायची, दळायची, चूल फुंकायची आणि ते पाहत असायचे. कधी दौऱ्यावरून आले की सांगायचे, "तुझं ते कपाळावरचे केस मनगटानं मागं सारणं मी भिवंडीच्या खेळात घेतलं. लोकांना फार आवडलं." मला त्याचा अभिमान वाटे. भिवंडीच्या चार-पाचशे माणसांनी माझं मनगट पाहिलं, आणि मी मात्र घरीच होते, याची गंमत वाटे.

नाटक मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. आमच्यासारख्या घरच्या बायका नाटकाला जात नसत.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. तिनं बाप मिशीवाला कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्यात तिला वावगं वाटत नसे. नाक्यावरची पोरं ह्यांच्या चालीची नक्कल करून हसत. ती त्यांच्या घोळक्यात जाऊन उभी राही आणि "असं नाही, असं" म्हणून त्यांना नीट करून दाखवी.

पावसाळ्यात बाप घरी असला की दोघांचा खेळ चाले. माझं जुनं लुगडं दोन खुंट्यांना बांधलं की तो पडदा. स्वयंपाकघराचं दार ही एक विंग आणि तुळशीकडचं दार ही दुसरी. विंगेत उभा असलेला नट प्रेक्षकांना दिसता कामा नये, एवढं तिला पक्कं समजलं होतं. त्यामुळे कधी कधी मी हाका मारून दमले तरी ती दाराआड श्वास रोखून उभी असे. प्रेक्षक मी. नटाची उजवी बाजू ती पाहणाऱ्याची डावी, हे काही तिला उमगत नव्हतं. ती रडकुंडीला येऊन माझ्या मांडीवर येऊन बसे, पुन्हा उठून तिथं जाऊन उभी राही, पुन्हा येई. हे म्हणत, "मोठमोठ्या नटांनाही ते लवकर कळत नाही. तू जेव." स्वगत मात्र तिला फार आवडे. समोरच्याला ऐकू येत नाही असं समजून आपल्या मनातलं मोठ्यानं बोलायचं, हे तिला इतकं पटलं होतं की जेवताना ती तोंडावर हात आडवा धरून म्हणायची, "ही भाजी मला आवडत नाही, पण आईला सांगायचं नाही."

तिचे केस दाट होते आणि अंगात वारं. रोज सकाळी तेलाची वाटी आणि फणी घेऊन मी उंबऱ्यात बसायची, तिला दोन गुडघ्यांत धरायची आणि तीन पेडांची वेणी घालायची. वेणी पुरी होईस्तोवर माझ्या तोंडी एकच वाक्य असे, "हलू नको ग, हलू नको." ती हलायचीच.

तिला सहावं लागलं त्या वर्षी मंडळीनं एका राणीचं नवं नाटक बसवलं. मंडळीच्या पदरी असलेल्या एका शास्त्रीबुवांनी ते रचलं होतं. राणीला राज्याबाहेर घालवतात, आणि तिचं लहान मूल वाटेत दगावतं. तो सबंध प्रवेश राणीचा एकटीचा होता, लांबलचक विलाप आणि शेवटी एक पद. आषाढ-श्रावणात आम्ही तो इतक्या वेळा घोकला की मला झोपेतही म्हणता आला असता. तरी हे नाखूष होते. म्हणायचे, शब्द फार आहेत, माणूस असं बोलत नाही. मालकांना मात्र शब्द हवे होते. त्यांची सक्त ताकीद असे की नाटकाच्या पोथीतलं एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं नाही. नटानं स्वतःच्या मनानं घातलेल्या वाक्याला 'पदरचं वाक्य' म्हणत, आणि मालकांना त्याची चीड होती.

दसऱ्याला सामान बाहेर निघालं. दिवाळीनंतर मंडळी कल्याणला होती. त्याच आठवड्यात मुलीला ताप भरला. पहिले दोन दिवस मी काढे दिले. तिसऱ्या दिवशी ती ओळखेनाशी झाली. आमच्या शेजारी मिठागरावरच्या कारकुनाचं बिऱ्हाड होतं, त्यांची बायको मला थोरल्या जावेसारखी होती. मी तिला काकू म्हणत असे. त्या काकूंनी आपल्या यजमानांना सकाळच्या आगगाडीनं कल्याणला पाठवलं. दुपारी हे आले. तोंड घाईनं धुतलेलं, कानामागं रात्रीच्या खेळाचा सफेदा तसाच राहिलेला. वैद्य बसले होते. ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली.

ती आणखी एक दिवस होती. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ह्यांच्या मांडीवर गेली.

एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत. हे तिला उचलून खाडीकडे घेऊन गेले, बरोबर काकूंचे यजमान आणि आळीतले दोघे-तिघे. परत आल्यावर कोणीतरी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं की तूच धीर सोडलास तर हिला कोण सावरणार. दुसरं कोणी म्हणालं, पुरुषासारखा पुरुष तू, खंबीर राहा. बोलणाऱ्याच्या मनात काही नसेल, पण ह्यांच्या चेहऱ्यावर मी ते लागलेलं पाहिलं. हे रडले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मला पाणी देत, जेवायला वाढत, माझ्या माहेरी पत्र लिहीत राहिले.

मीही फार रडले असं नाही. लोक म्हणाले, हिला रडवा, नाहीतर ही वेडी होईल. मला रोज सकाळी त्याच वेळी उंबऱ्यात जाऊन बसल्याशिवाय राहवत नसे. तेल-फणी घेत नसे, नुसती बसत असे. हात मात्र स्वस्थ बसत नसत. पदराच्या टोकाचे तीन पेड करून मी त्याची वेणी घालायची, ती सोडायची, पुन्हा घालायची. हे माझं मला कळतही नव्हतं. काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं. "तू मनाशी काहीतरी पुटपुटतेस," त्या म्हणाल्या. काय पुटपुटते ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ते ह्यांना ठाऊक होतं. हे आतल्या खोलीच्या दारात बसून माझ्याकडे पाहत असायचे. नेहमीचंच पाहणं होतं ते, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

बाराव्या दिवशी मालकांचा निरोप आला. राणीवाचून नाटक होत नव्हतं, खेळ बंद पडले होते. हे गेले.

त्या हिवाळ्यात राणीच्या नाटकाचा फार बोभाटा झाला. कल्याण झालं, भिवंडी झाली, पनवेल झालं, आणि जिथं तिथं मुक्काम वाढवावा लागला. बाजारात लोक बोलत ते काकूंच्या कानावर येई. त्या येऊन मला सांगत की राणीच्या विलापाला धट्टेकट्टे बाप्ये धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतात. हे मधून मधून घरी येत, एक-दोन दिवस राहत. नाटकाबद्दल काही बोलत नसत. मीही विचारत नसे. नकला फडताळात पडून होत्या.

माघात मंडळी ठाण्याला आली आणि तळ्याकाठी मांडव पडला. घराघरांतून बायकांचं म्हणणं मालकांपर्यंत गेलं असावं. त्यांनी दवंडी पिटवली की एक खेळ भर दुपारी होईल, खास बायकांसाठी, आणि पुरुषांना आत प्रवेश नाही. काकू लगेच तयार झाल्या. मी ह्यांना सांगितलं की मीही जाईन म्हणते. हे जेवत होते. घास तसाच ठेवून म्हणाले, "तू येऊ नकोस."

त्या नाटकात मूल मरतं, मला ते सोसणार नाही म्हणून हे असं म्हणतात, असं मी समजले. मला मनातून बरं वाटलं. जाणार नाही असं मी कबूल केलं. पण खेळाच्या दिवशी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि मला वाटलं, हे शब्द मला पाठ आहेत, त्यांना मी काय भ्यायचं? मी शाल अंगावर घेतली आणि निघाले.

मांडवात शिरताना मला जे वाटलं ते सांगायला हवं, कारण तो आनंद होता, आणि तिच्या जाण्यानंतरचा पहिलाच. ज्या वस्तूंची नुसती नावं मला सहा-सात वर्षं ठाऊक होती त्या सगळ्या समोर होत्या. पडदा माझ्या लुगड्याएवढा नव्हता. तो केवढा तरी मोठा होता, त्यावर मोर आणि कारंजी रंगवलेली. वर झालर होती. बाजूला विंगा, एकीमागं एक. मी वाकून पाहिलं, आत उभं असलेलं खरंच कोणी दिसत नव्हतं. पेटीचे सूर निघाले, तबल्यावर थाप पडली, नांदी झाली. मग सूत्रधार पुढं आला आणि आज काय दाखवणार ते त्यानं सांगितलं. मग राणी आली. काकूंनी मला कोपरानं ढोसलं. ह्यांना मी ओळखलंच नसतं. चालणं ओळखलं, ते माझं होतं.

पहिले दोन अंक मी समोरच्यांची तोंडं पाहण्यात घालवले. ज्याच्या बोलण्याचे शेवटचे तीन शब्द मी शंभरदा म्हटले होते तो राजा हा असा दिसतो! त्याचं सगळं बोलणं ऐकल्यावर राणीचं भांडण मला पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या अंकात तो प्रवेश आला. पडदा वर गेला. रानाचा देखावा, राणी एकटी, मूल गेल्याचं आपल्याला आधीच कळलेलं. आता विलापाचं पहिलं वाक्य. मी ओठांत ते म्हटलंही. हे बोलले नाहीत.

मला वाटलं, विसरले. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, जणू त्यांना ऐकू जाणार होतं. शेजारच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी मात्र कोणाकडेच पाहिलं नाही. ते चार पावलं पुढं आले, एका दगडावर बसले, आणि त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं. त्याचे तीन भाग केले. वेणी घातली. सोडली. पुन्हा घालू लागले. इतक्या बायका बसल्या होत्या, पण एक बांगडी वाजत नव्हती. मग हे खाली पाहत, गुडघ्यांमध्ये कोणी धरलेलं असावं तसे वाकून, अगदी हळू म्हणाले, "हलू नको ग. हलू नको."

हे पोथीत नव्हतं. त्या प्रवेशाचं पोथीतलं अक्षरन् अक्षर मला ठाऊक होतं.

सगळीकडून हुंदके येऊ लागले. काकू तोंडात पदर कोंबून रडत होत्या. त्यांना अर्धं कळलं होतं, म्हणून त्या माझा हात धरायला गेल्या. मी हात काढून घेतला. मला रडू आलं नाही. भर बाजारात कोणी माझ्या अंगावरचं वस्त्र ओढावं तसं मला झालं. कल्याणला, भिवंडीला, पनवेलला, इतक्या लोकांनी हे पाहिलं होतं. पद सुरू व्हायच्या आत मी उठले आणि बायकांच्या मांड्यांवरून वाट काढत बाहेर आले. घरी कशी पोचले ते आठवत नाही.

दिवेलागणीला हे आले. मला पाहताच त्यांना समजलं.

मी म्हटलं, "ते वाक्य पोथीत नाही."

"नाही."

"मालक पदरचं एक अक्षर चालू देत नाहीत ना?"

"पहिल्या दिवशी रागावले. लोकांनी इतकं डोक्यावर घेतलं, मग काही बोलले नाहीत."

"ते माझं होतं," मी म्हटलं. "चालणं घेतलंत, उठणं घेतलंत, मी काही म्हटलं नाही. हे माझ्याजवळ राहिलेलं एवढंच होतं. तेही तुम्ही लोकांना दाखवलंत."

हे उभेच होते. मग मी म्हटलं, "यापुढं ते करायचं नाही."

"बरं," हे म्हणाले.

आणि त्यांनी ते पाळलं. दुसऱ्या खेळात विलाप पोथीतल्यासारखा झाला. शब्द सगळे होते, पण लोक चुळबुळत बसले. मालकांनी आधी समजावलं, मग कारण विचारलं, मग चिडले. हे एकच सांगत राहिले की आता ते जमत नाही. खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही, माझं नाव निघू दिलं नाही. पुढच्या हंगामात राणी दुसऱ्याला दिली. ह्यांना दासीची कामं मिळू लागली, पुढं गळा जाड झाल्यावर एखाद्या ऋषीचं, एखाद्या राक्षसाचं. दोन वर्षांनी त्यांनी मंडळी सोडली. मिशी वाढवली. कल्याणला एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे कारकुनी मिळाली, म्हणून आम्ही ठाणं सोडून पारनाक्याजवळ राहायला गेलो.

आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. भांडलो कधी नाही. हे वेळेवर जात, वेळेवर येत, आणि त्यांच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. बोलणं तेवढं आटलं होतं. मुलीचा विषय दोघांपैकी कोणीच काढत नसे. मला वाटे, हे विसरले. पुरुषांना बरं विसरता येतं, असं मी मनात म्हणत असे, आणि त्या रागावर मी कितीतरी वर्षं काढली.

मग एका चैत्रात मी आळीतल्या एका घरी हळदीकुंकवाला गेले. तिथं यजमानीणबाईंच्या थोरल्या बहीण आल्या होत्या, साठीच्या असतील. बोलता बोलता नाटकांचा विषय निघाला. त्या म्हणाल्या की आपण आयुष्यात एकच नाटक पाहिलं, ठाण्याला, बायकांसाठी दुपारी झालं होतं ते. मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांची चार मुलं गेली होती. सासू म्हणे की रडलीस तर पाचवंही जाईल, म्हणून त्या कधी रडल्या नाहीत. त्या दिवशी त्या मांडवात पहिल्यांदा रडल्या, चौघांचंही एकदम. "त्या नटाचं मी फार देणं लागते," त्या म्हणाल्या. मग जरा आवाज उतरवून त्यांनी पुढचं सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ त्या मंडळीत होता. विंगेत पोथी घेऊन बसायचा, कोणी अडखळलं तर हळूच शब्द द्यायचा. त्यानं सांगितलं होतं की तो प्रवेश झाला, पडदा पडला, की राणीला दोघांनी धरून रंगपटात न्यावं लागे. तिथं तो रंगलेल्या तोंडानं जमिनीवर पडून रडे, आणि बाहेर लोकांना कळू नये म्हणून पेटीवाला जोरजोरात पेटी वाजवत बसे. पुढचा प्रवेश त्यामुळे रोज उशिरा लागे. मालकांनी एकदा विचारलं, हे काय चाललंय. तर तो म्हणाला होता, मला घरी रडता येत नाही.

"पुढं त्यानं ते काम सोडलं म्हणे," त्या बाई म्हणाल्या. "का ते कळलं नाही."

मी हळदीकुंकू न घेताच घरी आले. हे ओटीवर पंचा घेऊन बसले होते, नुकतेच कामावरून आलेले. मी समोर बसले आणि ऐकलं ते सगळं सांगितलं. हे मान खाली घालून ऐकत होते.

मी विचारलं, "त्या दिवशी मला का सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? तू म्हणालीस ते खरंच होतं. ते तुझं होतं. मी घेतलं होतं."

"तुमचं नव्हतं का?"

ह्यांनी पंचा घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला घरात जागा सापडेना. सगळे सांगत होते, तू पुरुष आहेस, हिला सांभाळ. तिथं लुगडं नेसलं, कपाळाला कुंकू लावलं, की सापडायची. बाई झालो की रडायला कोणाची हरकत नव्हती. पण रडावं कसं तेही मला येत नव्हतं. तुझंच पाहून केलं."

मी त्यांचा हात धरला. मला म्हणायचं होतं की मी चुकले, आता रडा, इथं कोणी नाही. त्यातलं काही थोडं बोललेही असेन. हे म्हणाले, "आता येत नाही ग." ते त्यांनी इतकं साधं सांगितलं, एखाद्यानं सांगावं की मला हल्ली दूध पचत नाही. त्या संध्याकाळी मी एकटीच रडले, आणि हे माझ्या पाठीवर हात ठेवून बसले.

पुढं तीन वर्षं त्यांची सोबत मिळाली. त्या तीन वर्षांत आम्ही मुलीबद्दल बोलू लागलो. रोज नाही, पण जेवणानंतर कधी सुपारी कातरता कातरता एखादी गोष्ट निघे. तिची मला ठाऊक नसलेली एक गोष्ट ह्यांनी सांगितली. ती चार वर्षांची असताना मी माहेरी आजारी आईला पाहायला गेले होते आणि हे तिला दिवसभर तालमीला घेऊन गेले होते. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा ती कोणाला न विचारता रंगभूमीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मालक तिच्यावर ओरडायला उठले. तिनं त्यांना हातानं थांबवलं आणि म्हणाली, "थांबा, माझं अजून झालं नाही." मग तिनं काहीच केलं नाही, नुसती उभी राहिली, आणि थोड्या वेळानं स्वतःच खाली उतरून भात खायला बसली. मालकांसकट सगळे हसून बेजार झाले होते. हे सांगताना ह्यांनाही हसू आलं. मी पुन्हा पुन्हा विचारत होते, कुठं उभी होती, अंगावर काय होतं, केस कोणी विंचरले होते. केस ह्यांनीच विंचरले होते, वाकडे-तिकडे.

ती गोष्ट मी त्यांच्याकडून चार-पाचदा ऐकली. हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. पौषात छाती भरून आली आणि आठवडाभरात आटोपलं. मी अजून पारनाक्याजवळच्या त्याच जागेत आहे. आळीतल्या दोघी-तिघी मुली दुपारच्या माझ्याकडे वाचायला शिकायला येतात. नकला आमच्याकडे आता नाहीत, ठाणं सोडताना ह्यांनी त्या मंडळीला परत केल्या. मी मुलींना पाटीवरच शिकवते.